जवसाचं घरचं बियाणं राखताना

आमच्याकडून जवसाचं बियाणं नेणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनो, पुढच्या हंगामाचं बियाणं घरीच राखा, हे आम्ही दुकानदार असूनही सांगतो. जवस स्वपरागी आहे, म्हणजे फुलाचा पराग बहुधा त्याच फुलावर पडून बी धरतं, त्यामुळे वाण सहसा बिघडत नाही. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून आलेल्या एनएल 260 सारख्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचं बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही.

घोटाळा होतो तो झाड निवडताना. धुऱ्यालगतचं, बोंडांनी लदबदलेलं झाड हेरून आपण त्याचंच बी जपतो. पण त्याला मोकळी जागा मिळाली, खत-पाणी जास्त मिळालं, म्हणून ते माजलं. ते बियाण्यात उतरत नाही. शुद्ध वाणातली सगळी झाडं आतून जवळपास सारखीच असतात. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ योहान्सन यांनी 1903 मध्ये घेवड्यावर हेच दाखवलं: एकाच शुद्ध वंशातले, म्हणजे एकाच झाडापासून स्वपरागाने वाढत आलेले, मोठे दाणे पेरा नाहीतर लहान, पुढच्या पिढीच्या दाण्यांची सरासरी तीच येते. म्हणून विकत घेतलेल्या वाणात एकेक झाड निवडू नका, वावराच्या मधल्या भागातलं सरसकट बी ठेवा.

गावरान जवसाची गोष्ट वेगळी. तिथे झाडाझाडांत खरा फरक असतो आणि निवडीचं चीज होतं. मात्र बोंडांच्या संख्येला भुलू नका, ती जमिनीप्रमाणे बदलते. दाण्याचं वजन त्यामानाने जास्त भरवशाने पुढे जातं. बोंडात पाच कप्पे आणि फार तर दहा दाणे; दाटीत उभ्या असलेल्या झाडांची बोंडं फोडून टपोऱ्या दाण्यांची झाडं वेगळी काढा.

भेसळ सकाळीच उपटा, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. निळ्या फुलांच्या वाणात पांढरं फूल दिसलं तर झाड मुळासकट काढा. कधीमधी मधमाशी पांढऱ्याचा पराग निळ्यावर आणते. त्या बियांतून उगवलेलं झाड बहुधा निळंच फुलतं आणि ओळखू येत नाही. पण त्याच्या पुढच्या पिढीत साधारण चारात एक झाड पांढरं निघतं. उरलेल्या तीन निळ्यांपैकी दोघांत पांढरा गुण दडलेलाच असतो. स्वपरागामुळे अशी मिश्र झाडं दर पिढीला निम्म्याने घटतात, त्यामुळे एकदा उपटून थांबू नका, दोन-तीन हंगाम हे काम चालू ठेवा.

पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. 80 पेक्षा कमी उगवले तर ते बी पेरू नका, दुकानात येऊन विचारा.