उघड्यावरचा फ्रीज आणि सोलापूरचा मे महिना

माझ्या मामेभावाने अक्कलकोट रस्त्यावरच्या शेतात हुरड्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी उघडं स्वयंपाकघर काढलंय. चूल, लांब ओटा, वर पत्रा आणि ओट्याखाली फ्रीजचे ओढून उघडायचे दोन खण. दुकानदाराने त्याला पटवलं होतं, "दार उघडलं की गार हवा सांडते. खण म्हणजे बादली, हवा आतच राहते. बिल निम्मं येईल बघा!"

बादलीची उपमा वाईट नाही. ४ अंशांची हवा ४२ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १४ टक्के जड असते, त्यामुळे ती खणात बरीचशी बसून राहते. पण ती असते किती? ५० लिटर हवेचं वजन जेमतेम ६० ग्रॅम. ती सगळी सांडली, तरी तिच्याजागी आलेली हवा गार करायला सव्वादोन किलोज्यूल उष्णता काढावी लागते. उन्हात तापलेलं अर्धा लिटर ताक आत ठेवलं, तर ८० किलोज्यूल! पावसाळ्यात हवेतली वाफ यात थोडी भर घालते, एवढंच.

बिल वाढतं ते दुसरीकडे. फ्रीज गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. नळीतलं द्रव आत उकळून उष्णता शोषतं, कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून तापवतो आणि बाहेरच्या जाळीत ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. आता गंमत बघा. जाळीतून उष्णता बाहेर जायला जाळी बाहेरच्या हवेपेक्षा गरम हवी, समजा १२ अंशांनी. खोलीत २५ अंश असतील तर जाळी ३७ वर, शेतात ४३ असतील तर ५५ वर. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली उष्णतेच्या इंजिनांबद्दल जे मांडलं, त्यातून फ्रीज विजेच्या जास्तीत जास्त किती पट उष्णता उपसू शकतो याची मर्यादा निघते: आतलं निरपेक्ष तापमान (४ अधिक २७३) भागिले आत आणि जाळी यांच्या तापमानातला फरक. म्हणजे खोलीत २७७ भागिले ३३, सुमारे ८.४, शेतात २७७ भागिले ५१, सुमारे ५.४. खरा फ्रीज याच्या बराच खाली राहतो, पण घसरण अशीच असते. शिवाय भिंतींतून आत झिरपणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते, आणि तो फरक २१ वरून ३९ वर गेलेला. दोन्ही मार एकत्र धरले की वीज जवळजवळ तिप्पट. (आकडेमोड नको असेल तर फक्त हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा.)

आपला माठ याच्या अगदी उलट वागतो. बाहेर जितकं कोरडं आणि तापलेलं, तितकं त्याचं बाष्पीभवन जोरात. मे महिन्यात सोलापूरला माठाचाच हंगाम.

भावाने वास्तुवाल्यालाही विचारलं होतं. दिशेला महत्त्व आहे, पण ते ग्रहांमुळे नव्हे, पश्चिमेच्या उन्हामुळे. दुपारी तीनचं ऊन स्टीलच्या दर्शनी भागावर पडलं तर कुठलंही यंत्र त्याला आवरणार नाही.

घेताना पाटीवर हवामान वर्ग बघावा. 'टी' वर्ग ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतो, 'एन' फक्त ३२ पर्यंत. घरातला फ्रीज ओट्याखाली कोंबून भागत नाही. ओट्याखाली मागे भिंत असते, म्हणून गरम हवा पुढच्या झडपेतून बाहेर पडेल असा नमुना हवा, आणि ती झडप मोकळी हवी. भावाने नेमकी तिच्यासमोर कडब्याची पेंढी उभी करून ठेवली होती. ती मीच हलवली.