बीटल्सच्या अल्बममधील सतार कोणाची?
मिरजेत सतारीचा विषय निघाला, की बीटल्स या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बममध्ये सतार पंडित रविशंकर यांनी वाजवली, असे कोणीतरी ठामपणे सांगतोच. ते खरे नाही. अल्बममधील ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यातील सतार बीटल्सपैकीच एक असलेल्या जॉर्ज हॅरिसन यांनी स्वतः वाजवली आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये मुंबईला येऊन ते रविशंकरांकडे शिकले होते, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा या गुरुशिष्य नात्यातच असावे. मार्च १९६७ मध्ये लंडनला ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा दिलरुबा (गजाने वाजवायचे तंतुवाद्य), तबला व तंबोऱ्याची साथ तिथल्याच भारतीय वादकांनी केली; उरलेल्या तिघा बीटल्सनी त्यात काहीच वाजवले नाही, आणि दिलरुब्याच्या मींडेशी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकण्याशी, व्हायोलिन व चेलो जुळवण्याचे अवघड काम निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी पार पाडले. (सतारीपेक्षा हीच जुळणी कान देऊन ऐकावी, असे माझे मत आहे.) त्या वादकांची नावे वेष्टनावर छापली गेली नाहीत, अल्बमने मात्र ब्रिटनमध्ये २७ आठवडे अग्रस्थान राखले आणि १९६८ मध्ये सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळवला.