आयुक्त तथा प्रशासक : एका अधिकाऱ्याच्या हाती दोन पदे कशी येतात

मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेच्या १५१ सदस्यांच्या सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्तांच्या सहीखालचे पदनाम बदलले : ‘आयुक्त तथा प्रशासक’. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात गेले, निवडणूक लांबत राहिली आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार या एका सहीवर चालला. एरवी आयुक्त अर्थसंकल्प तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरफार करते, मग तो सभागृहात जातो. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच. रस्त्याचे कंत्राट असो की मालमत्ता कर, ‘हे कशासाठी?’ असे विचारायला समोर कोणी बसलेले नसते.

हे कायद्याला धरूनच झाले, आणि काळजीची बाब तीच आहे.

एका माणसाकडे अनेक अधिकार असण्याची नागपूरला जुनी ओळख आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर. शेतसारा वसूल करण्याची जबाबदारी त्याची आणि फौजदारी खटले चालवण्याचे अधिकारही त्याचेच. हे दोन अधिकार वेगळे करा, अशी मागणी काँग्रेस १८८६ पासून करत होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५० ने राज्यांना तसा निर्देश दिला. देशभरासाठी त्याला कायद्याचे पक्के रूप मिळाले ते १ एप्रिल १९७४ रोजी लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. तरीही जिल्हाधिकारी आजही जिल्हादंडाधिकारी, जिल्हा निवडणूक अधिकारी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात.

सरकारी नोकरांचे नियम मात्र वेगळ्याच चिंतेतून आले. १ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांतला बारावा नियम सांगतो की एका माणसाची एकाच वेळी दोन कायम पदांवर कायम नेमणूक होऊ शकत नाही. पण एकोणपन्नासावा नियम दुसऱ्या पदाचा कारभार तात्पुरता सोपवायची मुभा देतो आणि पुढचा बहुतेक मजकूर त्यासाठी जादा वेतन किती, किती दिवसांनंतर आणि किती काळ द्यायचे यावर खर्च करतो. महाराष्ट्राचे वेतन नियम १९८१ चे. अतिरिक्त कार्यभाराचा विचार त्यांतही वेतनाच्याच अंगाने होतो. तिजोरीची काळजी घेणे योग्यच. पण दोन्ही खुर्च्यांपैकी एक दुसरीवर नजर ठेवणारी असेल तर काय, याचे उत्तर वेतनाच्या नियमात सापडत नाही.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला. राजाकडून पद घेणारा खासदार राजाला जाब कसा विचारणार, या शंकेतून ब्रिटनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कायदे झाले. आपल्याकडे सरकारचे ‘लाभाचे पद’ घेणारा खासदार-आमदार अपात्र ठरतो, ही तरतूद अनुच्छेद १०२ आणि १९१ मध्ये आली. २००६ मध्ये जया बच्चन यांची राज्यसभेची खासदारकी त्यातूनच गेली, उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्षपदामुळे. त्याच वर्षी संसदेने या अपात्रतेतून सूट मिळणाऱ्या पदांची यादी वाढवली.

नागपुरात दोन खुर्च्यांची व्यवस्था आता रुळली आहे. शहरविकासाचे काम पाहणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासचे (नासुप्र) सभापती हेच नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (एनएमआरडीए) महानगर आयुक्त असतात. १९३६ च्या कायद्याने आलेली नासुप्र आणि २०१७ मध्ये स्थापन झालेले प्राधिकरण, दोन्हींच्या फाइली अखेर एकाच टेबलावर येतात.

वाद पेटला तो २०२० मध्ये. तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे स्मार्ट सिटी कंपनीच्या सीईओपदाचाही कारभार पाहत होते. महापौर संदीप जोशी यांनी थेट पोलिसांत तक्रार दिली आणि जुलैत संचालक मंडळाने तो कार्यभार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला. आयुक्तांकडे हे पद रीतसर आले होते का, हा त्या वादाचा मुख्य मुद्दा होता. ही कंपनी महापालिका आणि राज्य सरकार यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची. म्हणजे कंपनीला हिशेब विचारण्याचा हक्क असलेल्या महापालिकेचा प्रशासकीय प्रमुखच कंपनी चालवत होता. नेमणुकीचा आदेश अगदी बिनचूक असता, तरी त्यात फरक पडला नसता.