शब्दकोशातून उपसलेला स्वभाव

नोकरीला अर्ज केला की हल्ली बऱ्याच ठिकाणी एक प्रश्नावली भरून घेतात. ‘मी अनोळखी लोकांत पटकन मिसळतो’, ‘हातातलं काम मी वेळेत उरकतो’ अशी वाक्यं, आणि प्रत्येकापुढे ‘अगदी मान्य’पासून ‘अगदी अमान्य’पर्यंतची घरं. शेवटी बहुधा पाच आकडे हाती पडतात: बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा. पाचच का? या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण एका शब्दकोशापाशी येऊन पोचतो.

1884 साली ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी लंडनच्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’त स्वभाव मोजण्याविषयी लेख लिहिला. रॉजेट यांच्या समानार्थी शब्दांच्या कोशाची सूची त्यांनी मधूनमधून चाळली आणि अंदाज बांधला की स्वभाव सांगणारे शब्द हजारभर तरी भरतील. माणसांमधले जे फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे ठरतात, त्यांना भाषा कधी ना कधी नाव देतेच, या पुढे रुळलेल्या गृहीतकाचं मूळ इथे आहे. त्याच लेखात आणखी एक कल्पना आहे. जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसलेली दोन माणसं एकमेकांकडे ओढली गेली, तर ती नकळत एकमेकांकडे कलतात. मग खुर्चीच्या पायांखाली दाबमापक ठेवून ही ओढ मोजावी! मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. मात्र आदल्याच वर्षी गॉल्टन यांनी ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला होता, म्हणजे निवडक माणसांचीच संतती वाढवून वंश ‘सुधारण्याचा’ विचार. माणसं मोजण्याच्या ओढीला त्यांची प्रतवारी लावण्याची जोड पहिल्यापासून होती, हे लपवून हा इतिहास सांगता कामा नये.

खरं उपसाकाम झालं 1936 मध्ये. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेब्स्टरचा 1925चा जाडजूड इंग्रजी कोश पहिल्या पानापासून धुंडाळला. माणसामाणसांतला फरक सांगणारे 17,953 शब्द निघाले. ते चार रकान्यांत वाटले गेले: टिकाऊ स्वभावाचे, तात्पुरत्या मनःस्थितीचे, निव्वळ बरा-वाईट शेरा मारणारे आणि उरलेले. ‘तापट’ आणि ‘तापलेला’ यांतला फरक आपण बोलताना सहज पाळतो. त्यांना तो हजारो शब्दांबाबत बसून ठरवावा लागला. पहिल्या रकान्यात 4,504 शब्द आले. पण ऑलपोर्ट यांना सरासरीचं प्रेम नव्हतं. एका माणसाला ओळखायला त्याचे स्वतःचे पाच-दहा ठळक गुणविशेष पुरतात, असं ते मानत.

ती यादी मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी उचलली. लंडनमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली ते घटक विश्लेषण शिकले होते. या पद्धतीमागचा विचार सोपा आहे. ज्यांना लोक ‘बोलका’ म्हणतात त्यांनाच बहुतेक वेळा ‘मनमोकळा’ आणि ‘मिळूनमिसळून राहणारा’ही म्हणतात; तर या तिन्ही शब्दांच्या मुळाशी एकच काहीतरी असावं. संगणक नव्हते, आकडेमोड हाताची. म्हणून समानार्थी शब्द एकत्र करत 4,504चे 171 आणि पुढे 35 गट उरले. त्यातून कॅटेल यांनी 16 घटक मांडले. 1949 साली त्यांची प्रश्नावली आली. नाझी जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक मात्र बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता या दोनच परिमाणांवर ठाम होते, तिसरं त्यांनी मागाहून जोडलं.

सोळा घटक दुसऱ्यांना काही सापडेनात. 1961 मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या टुप्स आणि क्रिस्टल यांनी आठ वेगवेगळ्या गटांची माहिती तपासली, तर दरवेळी पाचच घटक वर आले. तो अहवाल लष्करी कागदांत पडून राहिला. मानसशास्त्राच्या नियतकालिकात तो छापला गेला थेट 1992 मध्ये.

मधल्या काळात 1968 साली मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी टिकाऊ स्वभाव या कल्पनेच्या मुळावरच घाव घातला. एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं ओळखायला गेलं, तर सहसंबंध (काहीच नातं नसेल तर 0, पूर्ण जुळणी असेल तर 1) 0.30च्या पुढे क्वचितच जातो, असं त्यांनी दाखवलं. घरात गरीब गाय, कचेरीत वाघ अशी माणसं आपल्याही ओळखीची असतात. बाजू सावरली ती साध्या हिशेबाने: एक प्रसंग धरू नका, अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी घ्या, सातत्य दिसू लागतं. 1981 मध्ये लुईस गोल्डबर्ग यांनी ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिलं. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या प्रश्नावलीने ते जगभर पोचवलं.

पण मूळ यादी इंग्रजी होती. इतर भाषांचे कोश उपसल्यावर अनेक ठिकाणी प्रामाणिकपणा आणि नम्रता यांचा सहावा घटक वेगळा निघाला. हिंदी शब्दांवरच्या अभ्यासात सात्त्विक, राजस, तामस या जुन्या त्रयीशी जुळणारी रचना मिळाली. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांमध्ये 632 प्रौढांची पाहणी झाली, तिथे पाचाची मांडणी उभीच राहिली नाही.

आता मराठीतला ‘भिडस्त’ घ्या. उसने दिलेले पैसे परत मागायला याची जीभ रेटत नाही, दारात आलेल्याला ‘आज जमणार नाही’ म्हणवत नाही. हा जुळवून घेणारा म्हणावा, अंतर्मुख म्हणावा की मनातून धास्तावलेला? प्रश्नावली त्याचे तीन तुकडे करून तीन आकड्यांत वाटेल. आपल्या आजीला मात्र तो एकच स्वभाव वाटत होता, आणि त्याला तिच्याकडे एकच शब्द होता.