चाचणी, तपासणी आणि चिठ्ठीत न निघालेली गावं

सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या ओपीडीबाहेर कागद चिकटवलाय: मधुमेहींच्या पायाच्या जखमेवरच्या नव्या मलमाच्या चाचणीसाठी स्वयंसेवक हवेत. येण्याजाण्याचा खर्च मिळेल, खाली फोन नंबर. पूर्वभागातल्या एका विडी कामगार मावशींनी तो शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला आणि विचारलं, "चाचणी म्हंजे रक्त तपासत्यात तेच ना गं?" मुलगी हो म्हणाली.

चूक त्या दोघींची नाही. मराठीत रक्ताची चाचणी असते, शाळेत घटक चाचणी असते आणि नवं औषध माणसाला लागू पडतं का हे पाहायचं, तीही चाचणीच. रक्ताच्या चाचणीत आपल्याबद्दल कळतं. या तिसऱ्या चाचणीत औषधाबद्दल कळतं, आपल्याला गुण येईलच असं नाही. 'औषधाचा प्रयोग' असं का लिहीत नाही, असं मी तिथल्या समन्वयक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रयोग म्हटलं की माणूस दारातूनच परत जातो.

मुंबईच्या प्लेगात, १८९७ साली, हाफकिन या शास्त्रज्ञाने स्वतः बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तुरुंगातल्या माणसाचा होकार किती मोकळा, हा प्रश्न तेव्हापासूनचा. पण आपल्या भागापुरती खरी गाठ पडली ती बार्शीत, शंभर वर्षांनी.

बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयातून १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांची कॅन्सर नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ही पहिलीच. माणसं आपणहून दवाखान्यात येत नाहीत म्हणून कर्मचारी गावोगाव फिरत, लक्षणं समजावून सांगत, शंका आली की बार्शीला पाठवत. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत जास्त निघाला. अंगावरून जातंय हे वावरात राबणारी बाई महिनोन्‌महिने घरातसुद्धा बोलत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या नोंदींचं नवल वाटणार नाही.

त्यातूनच १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू कोणत्या तपासणीने कमी होतात, हे पाहायचं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटात या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटात, ३१,४८८ बायकांच्या, यातलं काहीच नाही. त्यांना 'नेहमीची सेवा'. आणि त्या काळी आपल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या तपासणीची नेहमीची सेवा म्हणजे काही नसणंच.

कोणता गट कोणाला हे चिठ्ठीने ठरलं, आणि चिठ्ठी समूहाची निघाली, बाईची नाही. एका शिवारात नर्सबाई येऊन नमुना घेऊन गेल्या, पलीकडच्या शिवारात कोणी आलं नाही.

निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही.

वाद पेटला तो चौथ्या गटावरून. मुंबई आणि तमिळनाडूतल्या अशाच दोन चाचण्या धरून तपासणी न झालेल्या बायका सुमारे १ लाख ३८ हजार, आणि त्यांतले या कॅन्सरचे मृत्यू किमान २५४, असा हिशेब मांडला गेला. टीकाकारांचं म्हणणं, पॅप स्मिअर अनेक दशकं माहीत असताना एवढ्या बायकांना नुसतं मोजत बसणं अन्याय आहे. संशोधकांचं म्हणणं, सरकारची तपासणी योजनाच नव्हती, तर काढून घेतलं काय? शिवाय पॅप स्मिअर आपल्या खेड्यांत चालेल याचा पुरावा नव्हता. या दुसऱ्या मुद्द्यात दम आहे, कारण याच चाचणीत पॅप स्मिअर कमी पडली. पहिला मात्र मला पटत नाही. शासनाने काही दिलं नाही म्हणून 'काही नाही' हीच त्या बाईची नेहमीची सेवा ठरवायची, तर सगळ्यांत गरीब तालुका चाचणीला सगळ्यांत सोयीचा ठरतो. आणि त्या बायकांना स्वयंसेवक म्हणायचं तर कशाच्या? न झालेल्या तपासणीच्या?

जागतिक पातळीवर २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती द्यावी अशी शिफारस झाली. या शिफारशीमागच्या पुराव्यात आपल्या शेजारच्या शिवारांतल्या बायका आहेत, चारही गटांतल्या. २०१६ च्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मात्र ॲसिटिक ॲसिडचीच पद्धत होती. ती स्वस्त आहे, आणि मुंबईच्या चाचणीत तिने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते, हेही सांगायला हवं.

२००९ च्या निकालानंतर औषधांच्या चाचण्यांचे नियम भराभर आले. १५ जून २००९ पासून चाचणीची नोंदणी सक्तीची झाली. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम झाले, चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांना नोंदणी लागू झाली आणि न्यायालयाच्या आदेशामुळे संमतीचं चित्रीकरण सुरू झालं. २०१५ मध्ये चित्रीकरणाची सक्ती अगदी नव्या औषधांच्या चाचण्यांपुरती आणि त्यातही असुरक्षित गटांतल्या सहभागींपुरती उरली. बाकी ठिकाणी पुन्हा कागद.

आजचे नियम २०१९ चे. बाईला वाचता येत नसेल तर समजावून सांगताना निष्पक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा, आणि मधेच बाहेर पडली तरी तिचे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत. संमतीचा कागद तिला कळेल त्या भाषेत हवा. सोलापुरात याचा अर्थ मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. ओपीडीबाहेरचा तो कागद फक्त मराठीत आहे.