न विकलेला गहू आणि राज्यांचे अधिकार

अमेरिकेत केंद्राच्या एखाद्या कायद्याला आव्हान मिळालं, की युक्तिवाद फिरून फिरून राज्यघटनेतल्या एका छोट्या शब्दसमूहाशी येऊन थांबतो: ‘राज्याराज्यांमधला व्यापार’. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, यादी करून दिलेल्या अधिकारांपैकी या व्यापाराचं नियमन हा एक. आपल्या सातव्या अनुसूचीत केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन याद्या आहेत. तिथे यादी फक्त केंद्राची. जे केंद्राला दिलेलं नाही आणि राज्यांना मनाईही केलेलं नाही, ते राज्यांचं किंवा जनतेचं, असं १७९१ची दहावी दुरुस्ती सांगते. (भारतात उरलेले अधिकार केंद्राकडे जातात.) म्हणून ‘व्यापार’ या शब्दाचा अर्थ जितका रुंद, तितकं राज्यांचं अंगण अरुंद.

‘फेडरल’ हा शब्दही फसवतो. ‘संघराज्यवाद’ म्हटलं की आपल्याला राज्यांची स्वायत्तता ऐकू येते. तिथे ‘फेडरल सरकार’ म्हणजे वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार, आणि १७८७-८८मध्ये स्वतःला फेडरलिस्ट म्हणवणारे मजबूत केंद्राचीच बाजू लढवत होते. त्याला कारणही होतं. राज्यघटनेआधी राज्यांना बांधणारा जो १७८१चा करार होता, त्यात केंद्राला ना कर बसवता येत होता, ना राज्यांमधल्या व्यापाराला शिस्त लावता येत होती.

१८२४मध्ये न्यू यॉर्कच्या वाफेच्या बोटींच्या मक्तेदारीवरून या शब्दसमूहाचा पहिला मोठा निकाल लागला आणि अर्थ बराच सैल झाला. पुढे तो पुन्हा आवळला गेला. १९१८मध्ये बालमजुरीविरोधी केंद्रीय कायदा ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाला, कारण उत्पादन म्हणजे व्यापार नव्हे आणि कारखान्यातली मुलं हा राज्याचा प्रश्न. १९३७पासून वारं फिरलं, १९४१मध्ये तो निकालही मोडीत निघाला. तरी अर्थाची खरी ताणाताण झाली ती पुढच्याच वर्षी, एका शेतात.

ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळ एक शेतकरी गाई आणि कोंबड्या पाळायचा, दूध-अंडी विकायचा. दर हिवाळी हंगामात थोडा गहू पेरायचा. त्यातला काही विकायचा, काही जनावरांना घालायचा, काही घरच्या पिठासाठी दळायचा, उरलेला बियाण्याला ठेवायचा. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. पण भाव कोसळू नयेत म्हणून १९३८च्या कायद्याने गव्हाच्या पेऱ्यावर मर्यादा घातली होती. १९४१च्या पिकासाठी त्याच्या वाट्याला ११.१ एकर आले. त्याने २३ एकर पेरले. जादा ११.९ एकरांतून २३९ बुशेल, म्हणजे सुमारे ६५ क्विंटल गहू निघाला. बुशेलला ४९ सेंट या दराने ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला.

इथे एक बारकावा सहसा सुटतो. पेरणी झाली १९४०च्या शरद ऋतूत, तेव्हा दंडाचा दर १५ सेंट होता. तो ४९ सेंट झाला मे १९४१मध्ये, पीक उभं असताना. खालच्या न्यायालयाने शेतकऱ्याच्या बाजूने कौल दिला तो यामुळेच: या मर्यादेवर घेतलेल्या शेतकऱ्यांच्या सार्वमताआधी झालेल्या सरकारी भाषणात या वाढीचा उल्लेखच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा बाजूला सारला आणि मूळ प्रश्नाला हात घातला. जो गहू शेताबाहेर जाणारच नाही, त्यावर केंद्राची सत्ता चालते का?

९ नोव्हेंबर १९४२ रोजी एकमताने उत्तर आलं: चालते. घरचा गहू खाणारा माणूस बाजारातून तेवढा गहू विकत घेत नाही. त्याचा एकट्याचा परिणाम नगण्य असेल, पण त्याच्यासारख्या सगळ्यांची बेरीज केली तर नगण्य राहत नाही. पेऱ्यावरच्या मर्यादेच्या या योजनेमुळे १९४१मध्ये देशात बुशेलला सरासरी १.१६ डॉलर मिळत होते आणि जगाच्या बाजारात भाव ४० सेंट होता. एवढी तफावत टिकवायची तर घरच्या कणगीकडेही बघावं लागतं, हे अर्थशास्त्र म्हणून पटतं. मला खटकते ती बेरीज. ती एकदा मान्य केली, की कुठली घरगुती गोष्ट बाहेर राहते? दूध, भाजी, शिवणकाम, सगळ्यांची बेरीज होऊ शकते. सत्तेची हद्द आखून देण्यासाठी केलेली यादी मग हद्द आखतच नाही.

तरीही हा निकाल नुसता वाईट म्हणून मोकळं होता येत नाही. खासगी हॉटेलांतला वर्णभेद समान संरक्षणाची हमी देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीच्या कक्षेत येत नाही, असा १८८३चा निकाल वाटेत आडवा होता. त्यामुळे १९६४चा नागरी हक्क कायदा उभा राहिला तो व्यापाराच्याच कलमावर. अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममधल्या एका खाणावळीत कृष्णवर्णीयांना आत बसवून वाढत नसत. ती कायद्याखाली आली, कारण तिथलं बरंचसं मांस राज्याबाहेरून आलेलं होतं. निकाल न्याय्यच होता. पण माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मांसाच्या हिशेबातून सोडवावा लागला, याचं दुःख वाटतं.

पहिला लगाम १९९५मध्ये लागला. शाळेजवळ बंदूक बाळगणं हा व्यापार नव्हे, असं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं. दहाच वर्षांनी गहू परत आला. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्याने औषध म्हणून गांजाला मुभा होती. एका रुग्ण महिलेची घरची सहा झाडं केंद्राच्या अधिकाऱ्यांनी नष्ट केली आणि २००५मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी केंद्र जिंकलं. आधार तोच, १९४२चा.

२०१२मध्ये आरोग्यविम्याच्या सक्तीवर वाद झाला तेव्हा पाच न्यायमूर्तींनी वेगळी रेघ ओढली. काही विकत न घेणं म्हणजे व्यापार नव्हे, आणि या कलमाखाली कुणाला खरेदी करायला लावता येणार नाही. सक्ती टिकली ती विमा न घेणाऱ्यावरच्या दंडाला कर मानून. ओहायोच्या शेतकऱ्याने निदान गहू पिकवला तरी होता, असा फरक तेव्हा दाखवला गेला. १९४२चा निकाल मात्र रद्द झाला नाही. तो आजही लागू आहे.