फोटो म्हणतो जानेवारी, बहावा म्हणतो वैशाख

आजोळच्या अल्बममध्ये मामेभावाच्या मुंजीचा एक फोटो आहे. अंगणात मांडव, पुढे पाटावर बटू बसलाय, आणि मागे कुंपणापाशी बहावा असा काही लगडलाय की मांडवाच्या झालरीकडे लक्षच जात नाही. खालच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख उमटलीय, १ जानेवारी १९९४. फोटो एकमेकांना चिकटायला लागलेत म्हणून मी सगळा अल्बम स्कॅन करायला घेतला होता, त्यात ह्या फाईलला हीच तारीख देऊन पुढे गेले, आणि दोन-चार फोटो झाल्यावर एकदम वाटलं, अरे, पण जानेवारीत बहावा कुठला फुलायला!

जानेवारीत बहाव्याला हिरवी पानं असतात आणि हातभर लांब काळपट शेंगा लोंबत असतात. फुलं येतात ती ऊन तापलं की, एप्रिल-मेमध्ये. मामीला फोन केला, तिने ट्रंकेतून पत्रिका काढली आणि वाचून दाखवली, ६ मे १९९८. त्या कॅमेऱ्याचा सेल बदलला की आतलं घड्याळ मागे जायचं आणि ते परत लावायचं कुणाच्या लक्षात राहायचं नाही, असं मामा म्हणाला. कॅमेऱ्याचं साल, महिना, दिवस सगळंच चुकलेलं होतं, झाडाने महिना मात्र बरोबर सांगितला.

मग तो फोटो स्क्रीनवर मोठा करून बघत बसले. बहाव्याचा घोस खाली लोंबतो आणि फुलं वरून खाली उमलत जातात, म्हणजे देठाकडची आधी आणि टोकाकडची शेवटी. फोटोत घोसांचा वरचा अर्धा भाग पिवळाधमक आहे आणि खाली टोकाला मण्यांसारख्या गोल कळ्या आहेत, म्हणजे बहर नुकता चढायला लागलाय. फांद्यांवर गेल्या वर्षीच्या तीन शेंगा अजून आहेत, म्हणजे आधीच्या उन्हाळ्यातही झाड फुललं होतं आणि भुंग्यांनी त्यांचं काम केलं होतं. एका घरगुती फोटोत एवढं सगळं लिहिलेलं असतं, आणि आपण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं फक्त बटूकडे बघत असतो.

झाडं कधी पालवतात, कधी फुलतात, कधी फळतात ह्याच्या नोंदी ठेवणाऱ्या शास्त्राला फिनॉलॉजी म्हणतात. त्यात सगळ्यात मोठी अडचण जुन्या नोंदींची. शंभर वर्षांपूर्वी अमुक झाड कुठल्या तारखेला फुललं हे सांगणार कोण? जपानात क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा दरबारी रोजनिशांमधून नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात, पण असं भाग्य फार थोड्या झाडांचं. म्हणून काही शास्त्रज्ञ अल्बमकडे वळले. बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी जुने, तारीख असलेले शेकडो फोटो गोळा केले. त्यातला एक फोटो मी विसरू शकत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावचं कब्रस्तान, तारीख ३० मे १८६८, सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, माणसं जमलेली, आणि मागची झाडं जवळजवळ उघडी, पानं नाहीतच. त्याच जागेवरून ३० मे २००५ ला फोटो काढला तर तीच जागा गच्च हिरवी.

आता हे दोन फोटो शेजारी ठेवून लगेच निकाल लावायचा नसतो. एखादं वर्ष थंडीचं असतं, एखादं उकाड्याचं, एका जोडीवरून फार तर शंका घेता येते. म्हणून ह्या मंडळींनी शंभर वर्षांतले पुष्कळ फोटो, सुकवून ठेवलेले वनस्पतींचे नमुने आणि हवामानखात्याचं तापमान असं सगळं एकमेकांवर ताडून पाहिलं. फोटोंतून निघालेलं उत्तर बाकीच्या नोंदींशी जुळलं, वसंत जितका उबदार तितकी फुलं लवकर. २००६ साली हे छापून आलं.

बेल्जियमची गोष्ट तर मला त्याहून आवडते. तिथे फ्लँडर्समध्ये दर एप्रिलच्या सुरुवातीला सायकलींची मोठी शर्यत होते, टीव्हीवर दाखवतात. गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८१ ते २०१६ पर्यंतचं दोनशे तासांहून जास्त चित्रण काढून बघितलं, पण सायकलवाल्यांसाठी नाही, त्यांच्या मागच्या झाडांसाठी! त्याच त्या वळणावरची ४६ झाडं-झुडपं दरवर्षी ओळखून काढली आणि पानं किती, फुलं किती ते मोजलं. १९९० च्या आधी शर्यतीच्या दिवशी जवळपास एकाही झाडाला पानं नसायची, नंतर नंतर कितीतरी झाडं पालवलेली दिसायला लागली. १९८० पासून त्या भागाचं सरासरी तापमान साधारण दीड अंशाने वाढलंय. कॅमेरामनने झाडाकडे मुद्दाम बघितलंही नसेल, तरी पुरावा जमत गेला.

असं का होतं ते थोडं सांगायला हवं. झाडाला दोन-तीन गोष्टी कळतात, दिवस किती लांब आहे, गारठा किंवा ऊब किती, आणि मुळाशी पाणी किती. दिवसाची लांबी आजोबांच्या काळात ६ मेला जेवढी होती तेवढीच आजही आहे, त्यात बदल नाही. बदलतंय ते तापमान आणि पाणी. म्हणून ज्या झाडांचा भर ऊबेवर असतो ती पुढे सरकतात, ज्यांचा दिवसाच्या लांबीवर असतो ती जागच्या जागी राहतात, आणि मग फूल आणि त्याच्यावर येणारा किडा ह्यांची वेळ चुकायची भीती. आपल्याकडे थंडीत बर्फ नसतो त्यामुळे गणित आणखी वेगळं, पानगळीनंतर खोडात साठलेलं पाणी, मध्येच पडलेला अवकाळी, सगळं त्यात येतं. केरळात विषूला, म्हणजे १४ एप्रिलच्या सुमारास, ह्याच बहाव्याची फुलं पूजेला लागतात, आणि हल्ली ती सणाच्या कितीतरी आधीच फुलून जातात अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. सीझनवॉच नावाचा उपक्रम शाळकरी मुलांकडून आणि हौशी लोकांकडून अशा नोंदी दर आठवड्याला गोळा करतो. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, असं आपल्याकडे म्हणतात. ते तपासायचं तर आधी बहावा फुलल्याच्या तारखा हव्यात, आणि त्या आहेत कपाटांतल्या अल्बमांत.

पोस्टकार्डांचं मात्र जपून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बागांची, राणीबागेचीसुद्धा, रंगीत चित्रांची पोस्टकार्डं बाजारात दिसतात. त्यातले बरेच फोटो मुळात काळेपांढरे असायचे आणि रंग छापखान्यात चढवलेले, ज्याने रंगवलं त्याने ते झाड पाहिलेलंही नसेल. म्हणजे फुलाच्या रंगावर भरवसा नको. झाडाचा आकार, खोडाची जाडी, ताडांची रांग किती उंच, शेजारी काय लावलंय, हे घ्यावं. आणि पाठीमागचा पोस्टाचा शिक्का म्हणजे फोटोची तारीख नव्हे, एकच चित्र वर्षानुवर्षं छापून विकायचे. शिक्क्यावरून एवढंच कळतं की फोटो त्या दिवसाच्या आधीचा आहे. पण मजकूर वाचावा, 'इथे सध्या गुलाब छान आहेत' असं एखादं वाक्य शिक्क्याच्या तारखेसकट मिळालं तर चित्रापेक्षा तेच मोलाचं.

पोस्टाची तिकिटं तर चित्रकाराने काढलेली, ती नोंद नव्हे. १९८१ च्या फुलझाडांच्या तिकिटांत पळस आहे, बहावा आहे, पण ती झाड ओळखायला, बहराची तारीख कळायला नाही. एक तिकीट मात्र मला त्यातून वेगळं वाटतं, २००६ चं नीलकुरिंजीचं. ही दक्षिणेतल्या डोंगरांवर बारा वर्षांनी एकदा सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते, १९९४, २००६, २०१८. तिकीट बहराच्याच वर्षी निघालं, म्हणजे त्याच्यावरचं साल हीच नोंद झाली. आपल्या सह्याद्रीतली कारवी तिचीच बहीण, ती सात-आठ वर्षांनी फुलते. कुणाकडे कारवीच्या बहरातले ट्रेकचे जुने फोटो असतील तर त्यांच्या मागे डोंगराचं नाव आणि साल पेन्सिलीने आत्ताच लिहा, पेनाची शाई पुढे उतरते.

मोबाईलचं सोपं आहे असं वाटतं, फोटोत तारीख आणि, सेटिंग चालू असेल तर, जागाही आपोआप नोंदली जाते. पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की ही माहिती गळून पडते आणि समोरच्याकडे नुसतं चित्र उरतं. मूळ फाईल ठेवावी, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आणि जमलं तर दरवर्षी त्याच जागेवरून काढावा, फुलं नसतील त्या दिवशीही, कारण 'अजून नाही' हीसुद्धा माहितीच.

आजोळचा बहावा अजून आहे. कुंपण जाऊन भिंत आली, मांडवाच्या जागी आता फरशी आहे, पण तुळशीवृंदावन तिथेच आहे आणि मुंजीचा फोटो त्याच्या डाव्या कोपऱ्यावरून काढलाय हे आम्ही शोधून काढलं. मामीला सांगून ठेवलंय, पहिला घोस दिसला की तिथे उभी राहून एक, आणि मग ६ मेला एक. ती म्हणाली, वृंदावनापाशी उंबऱ्याच्या रांगोळीने खूण करून ठेवते, दरवर्षी पाय तिथेच पडले पाहिजेत ना.